‘पर्सुएशन’ सात महिने वापरून: रद्द प्रकरण नसलेली प्रत घेऊ नका

जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’ या कादंबरीची सात महिन्यांत तीन वाचनं झाली आणि प्रतीची पाठ फुटली, तीही नेमकी 23व्या प्रकरणावर. स्वस्त प्रतींची पानं शिवलेली नसतात, पाठीशी नुसत्या गोंदाने धरलेली असतात. पुस्तक जिथे पुन्हा पुन्हा सपाट उघडलं जातं तिथला वाळलेला गोंद तडकतो, आणि ही कादंबरी घेतलेला माणूस तिथल्या, नायक वेंटवर्थच्या पत्राकडे वारंवार येणारच. दुरुस्ती घरी होते. फुटलेल्या जागेतल्या गोंदाच्या खपल्या जुन्या टूथब्रशने काढायच्या, टूथपिकने फेव्हिकॉलची अगदी बारीक रेघ खाचेत ओढायची, दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. गोंद जास्त झाला तर पानं आतून एकमेकांना चिकटतात आणि ओळींची टोकं गिळली जातात. सेलोटेप अजिबात नको. ती पिवळी पडते आणि काढताना कागदही ओरबाडून नेते.

बांधणीचं निभावून नेता येतं. खरा राग आहे तो प्रतीत रद्द केलेलं प्रकरण नाही याचा. जेन ऑस्टिनने ही कादंबरी जुलै 1816 मध्ये एकदा संपवली होती. शेवट पटला नाही म्हणून दुसऱ्या खंडाचं 10वं प्रकरण तिने बाजूला काढलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या जागी दोन नवी प्रकरणं लिहिली. आजच्या सलग क्रमांकांत ती 22 आणि 23. (कादंबरी मुळात 12-12 प्रकरणांच्या दोन खंडांची आहे, टीपांमध्ये ‘खंड 2, प्रकरण 11’ असं दिसलं की 12 मिळवायचे.) छापून आलेल्या तिच्या सहा कादंबऱ्यांपैकी हस्तलिखित उरलंय ते या पहिल्या शेवटाचं, आणि ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. 1871 सालीच तो मजकूर छापून आला. त्यावर कुणाचा हक्क नाही, पानं थोडी. तरी गाळतात!

हे एवढं लावून धरण्याचं कारण अ‍ॅनमध्ये आहे. पहिल्या वाचनानंतर मत असं झालं होतं की ही नायिका फार सोसते. सातव्या प्रकरणात, दोघांचं ठरलेलं लग्न मोडल्यावर जवळजवळ आठ वर्षांनी वेंटवर्थ समोर येतो. अर्धवट नजरानजर, त्याचं झुकणं, तिचं अभिवादन, खोलीभर लोकांचे आवाज, आणि काही मिनिटांत सगळं संपलेलं. आठव्यात बाकीचे नाचतात आणि ती पियानो वाजवते. डोळे भरून येतात, पण हाताला काम आहे आणि कुणी बघत नाही यातच तिला बरं वाटतं. नवव्यात आजारी भाच्यापाशी ती गुडघ्यांवर बसलेली असताना दोन वर्षांचा धाकटा पाठीवर चढून गळ्याला विळखा घालतो. वेंटवर्थ मागून येऊन मुलाला उचलतो आणि तिच्या तोंडून साधे आभारही फुटत नाहीत. आजारी मुलावर ती तशीच वाकून राहते.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रसंगात अ‍ॅन खोलीत कुठे आहे याची पेन्सिलने नोंद केली आणि मत बदललं. तिचा संकोच ऑस्टिनने जागा आणि अंतर यांतून दाखवलाय. 20व्या प्रकरणात बाथ शहरातल्या मैफलीआधी वडील आणि बहीण पाठीशी उभे असताना ती वेंटवर्थच्या दिशेने जरासं पुढे होते आणि आपणहून विचारपूस करते. मध्यंतरानंतर ती बाकाच्या टोकाजवळ सरकते, म्हणजे कुणी येऊन बोलू शकेल. तो येतो, शेजारची रिकामी जागा बघतो, आणि तेवढ्यात तिच्याशी लग्न करू पाहणारा नात्यातला मिस्टर एलियट इटालियन गाण्याचा अर्थ विचारायला तिच्या खांद्याला हात लावतो. वेंटवर्थ निघून जातो. तिची चार बोटांची हालचाल, आणि तीही वाया!

आता रद्द प्रकरण बघा. अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट (वेंटवर्थचे मेहुणे) रस्त्यात भेटलेल्या अ‍ॅनला आग्रहाने घरी नेतात. तिथे वेंटवर्थला त्यांच्या वतीने विचारावं लागतं की तुमचं मिस्टर एलियटशी लग्न ठरलंय का, कारण तसं असेल तर तुमच्या वडिलांकडून भाड्याने घेतलेलं केलिंचचं घर सोडायची आमची तयारी आहे. ती नाही म्हणते आणि दोघांचं जुळतं. म्हणजे दुसरी संधी तिला दुसऱ्यांच्या धांदलीतून मिळते. तिला फक्त उत्तर द्यायचं असतं.

नव्या 22व्यात ती व्हाइट हार्ट हॉटेलातल्या गजबजलेल्या खोलीत सगळ्यांसमोर सांगते की घरच्या मेजवानीपेक्षा मला नाटक जास्त आवडलं असतं. एक साधं वाक्य, पण बोलून झाल्यावर ती थरथरते, कारण कोण ऐकतंय हे तिला माहीत आहे आणि परिणाम बघायचं धाडस नाही. 23व्यात वेंटवर्थचा मित्र हार्विल याच्याशी खिडकीपाशी बोलताना प्रेम टिकवण्याबद्दल ती पहिल्यांदा मनातलं पुरतं बोलते. टेबलाशी वेंटवर्थ बेनविक या दुसऱ्या मित्राच्या चित्राला चौकट करून घेण्याबद्दलचं पत्र लिहितोय. त्याची लेखणी खाली पडते, तेव्हा अ‍ॅनला कळतं की तो वाटला होता त्यापेक्षा जवळ आहे. पुढे तो हातमोजे विसरल्याचं निमित्त करून परत येतो आणि विखुरलेल्या कागदांखालून दुसरं पत्र काढून तिच्यापुढे ठेवतो. बुजऱ्या माणसाला मोठ्याने कबुली द्यावी लागत नाही. तिचं बोलणं ऐकून त्याने लिहायचं, एवढंच. पहिला शेवट शेजारी असला तरच कळतं की ऑस्टिनबाईंनी काय टाकलं आणि का.

दोष आहे तो 21व्या प्रकरणात. नायिकेची जुनी शाळामैत्रीण मिसेस स्मिथ बसल्या जागी मिस्टर एलियटचा सगळा इतिहास ओतते. तीन वाचनांनंतरही ते जड जातं. तिथे लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावरचं मोफत वाचन ऐकत पुढे जावं.

काटकसर करायची तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर पूर्ण कादंबरी फुकट आहे. पैसे मोजायचे ते फक्त रद्द प्रकरण आणि आरमाराच्या टीपा असलेल्या प्रतीला. 1814 च्या उन्हाळ्यात हे नौदल अधिकारी किनाऱ्यावर का आहेत, जहाजं पकडून वेंटवर्थपाशी 25,000 पौंड कसे आले, हे टीपांशिवाय अडतं. दुकानात प्रत मागून उघडा. 24व्या प्रकरणानंतर लगेच जाहिराती असतील तर परत ठेवा. मग पाठीच्या वरच्या टोकाकडे बघा: दुमडलेल्या पानांचे वेगवेगळे जुडगे आणि जुडग्याच्या मधोमध दोरा दिसला तर ती शिवलेली आहे, आणि 23वं प्रकरण कितीही वेळा उघडलं तरी टिकेल.