जुन्या गाडीचं 12 व्होल्ट करून घेताय? आधी केबल बघा

वडिलांची 1951 ची शेवरोले पुण्यात आमच्या दारात उभी आहे. जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात जुळवलेली, 6 व्होल्टची. गेल्या पावसाळ्यात ती सेल्फवर रडायला लागली. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली, तर बॉनेट उघडायच्या आधीच त्यानं निकाल दिला, "काका, 6 व्होल्टची हीच बोंब असते. 12 करून टाकू, एका फटक्यात सुरू होईल."

शेवरोलेनं स्वतःच 1955 पासून 12 व्होल्ट दिलं होतं, म्हणून मला पटलं. नवं वायरिंग, डायनॅमोऐवजी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र), कॉइल, सगळे बल्ब मिळून 46,000 रुपये ठरले.

गाडी आली आणि खरंच एका फटक्यात सुरू झाली. फसायला होतं ते इथेच. त्याच सेल्फला दुप्पट व्होल्टेज दिलं की तो जोरात फिरणारच, मूळ दोष तसाच राहिला तरी.

तिसऱ्या दिवशी पेट्रोलचा काटा जळाला. काट्याच्या वायरीत व्होल्टेज उतरवणारा रेझिस्टर बसवलाच नव्हता. मग वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. बटण फिरवलं आणि धूर निघाला. त्या रेडिओवर ते क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे. इलेक्ट्रिशियनला फोन केला तर उत्तर आलं, "जुन्या वस्तूंची गॅरंटी नसते."

शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनला बोलावलं. त्यांनी चकचकीत काळी टेप सोलली. आत तीच कापडी वेष्टणाची, भुगा होत चाललेली वायर! 'नव्या वायरिंग'चे मी 18,000 मोजले होते.

मग त्यांनी बॅटरीची केबल हातात धरली. दोन वर्षांपूर्वी मीच ती बदलली होती, हल्लीच्या गाडीची बारीक केबल घालून. 6 व्होल्टला तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाडजूड हवी. त्यात इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली. सगळा आजार काही शे रुपयांचा होता.

तुमची गाडी रडत असेल तर मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ज्या खुंटीवरून सेल्फला केबल जाते त्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं सेल्फच्या बोल्टवर धरा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर पाव-अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर खोट केबलमध्ये आहे. दुसरी, अर्थिंगची खुंटी आणि इंजिन ब्लॉक यांच्यातही तसंच मोजा. तरीही 12 व्होल्ट करायचंच असेल तर पेट्रोलचा काटा, रेडिओ, हॉर्न यांचं काय करणार हे कागदावर लिहून घ्या, आणि काढलेला प्रत्येक भाग डिकीत आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

मी तेवढंच विसरलो. मूळ डायनॅमो, कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधला आपोआप चालणारा स्विच), हॉर्न "भंगारात गेलं" असं मला सांगितलं गेलं. चार महिन्यांनी तोच डायनॅमो जुन्या सुट्या भागांच्या एका विक्रेत्याकडे दिसला. वडिलांनी त्यावर खिळ्यानं कोरलेली दुरुस्तीची तारीख स्पष्ट वाचता येत होती. 11,000 रुपये देऊन तो घरी आणला. रेडिओ मात्र गेला तो गेलाच.