देण्याघेण्याचे इंग्रजी : अँकीच्या कार्डांसोबतचे नऊ महिने

पुण्यातील एका निर्यातदार कंपनीच्या लेखा विभागात माझ्याकडे वसुलीचे काम आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतील ग्राहकांकडे थकलेल्या रकमांसाठी पत्रे लिहिणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा दूरध्वनीवर बोलणे, असे त्याचे स्वरूप आहे. इन्व्हॉइस, क्रेडिट नोट, ओव्हरड्यू हे शब्द मला कधी अडले नाहीत. अडले ते 'पे'च्या मागे लागणारे 'ऑफ', 'अप', 'डाउन', 'आउट' हे इवलेसे शब्द आणि पैसे देण्याविषयीचे वाक्प्रचार. ते पक्के करण्यासाठी गेले नऊ महिने मी 'अँकी' हे ॲप रोज सकाळी बसमध्ये वापरते आहे.

ॲपविषयी थोडक्यात सांगते. ते २००६ पासून उपलब्ध आहे, संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर विनामूल्य मिळते, आणि आयफोनसाठी मात्र एकदा पैसे भरावे लागतात. जपानी भाषेत 'अंकी' म्हणजे पाठांतर. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आठवले तर ते कार्ड अधिकाधिक दिवसांनी समोर येते, विसरले तर लगेच परतते. यात नवल काही नाही, परंतु कार्डावर काय लिहावे हे ॲप सांगत नाही, आणि माझी सुरुवातीची चूक नेमकी तिथेच झाली.

मी आधी कोणीतरी तयार केलेला कार्डांचा संच उतरवून घेतला. त्यात 'सेटल अप', 'शेल आउट', 'फोर्क आउट', 'कफ अप' या सर्वांचा अर्थ एकच दिला होता : पैसे देणे. तिसऱ्या आठवड्यात, पंचेचाळीस दिवस रक्कम थकवलेल्या एका ब्रिटिश ग्राहकाला लिहिलेल्या स्मरणपत्रात मी 'प्लीज कफ अप द बॅलन्स' असे वाक्य घातले. रक्कम दुसऱ्या दिवशी जमा झाली, पण सोबत माझ्या वरिष्ठांना उद्देशून दोन ओळींचे पत्रही आले : ही कोणती भाषा? 'कफ अप'मध्ये खोकून कफ काढावा तसे नाइलाजाने पैसे काढून देणे आहे. म्हणजे 'उरलेले पैसे ओका' असे मी एका सभ्य ग्राहकाला लिहिले होते. मला त्याचे फार वाईट वाटले आणि तो संच मी त्याच दिवशी काढून टाकला.

त्यानंतरची कार्डे मी स्वतः लिहिली, आणि लिहिताना लक्षात आले की 'पैसे देणे' या एका क्रियेवर मराठीतही आपण कधी थांबत नाही. आपण वीजबिल भरतो, कर्ज फेडतो, वाण्याची उधारी चुकती करतो, गरजेच्या वेळी अव्वाच्या सव्वा पैसे मोजतो आणि सोसायटीच्या पूजेसाठी वर्गणी काढतो. प्रत्येक शब्दात कोण देतो, कोणाला देतो आणि राजीखुशीने देतो की नाही, हे आधीच सांगून झालेले असते. इंग्रजीतही तसेच आहे. म्हणून माझ्या कार्डावर 'चिप इन'समोर वर्गणी काढणे, 'पे थ्रू द नोज'समोर अव्वाच्या सव्वा मोजणे, 'गो डच'समोर टीटीएमएम, तर 'रॉब पीटर टू पे पॉल'समोर ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, असे लिहिलेले आहे. 'फुट द बिल'समोर खर्च अंगावर घेणे असे लिहून, हा 'फुट' हिशेबाच्या तळाशी मांडलेल्या बेरजेवरून आला, अशी टीपही जोडली आहे. 'स्टम्प अप' ब्रिटिश, 'पोनी अप' अमेरिकी, अशी खूण कोपऱ्यात आहे. पत्रात लिहिण्याजोगे नसलेल्या प्रत्येक वाक्प्रचारावर लाल ठिपका आहे, आणि पहिला ठिपका 'कफ अप'वर आहे.

'पे'च्या मागील छोट्या शब्दांसाठी मला आपल्या संयुक्त क्रियापदांचा सर्वांत जास्त आधार मिळाला. कर्ज फेडणे आणि कर्ज फेडून टाकणे यांतील 'टाकणे' जे काम करते, तेच काम 'पे ऑफ'मधील 'ऑफ' करते : विषय संपला, बाकी शून्य. 'पे अप'मध्ये टाळाटाळीनंतर एकदाचे देऊन टाकणे आहे. 'पे डाउन'मध्ये मात्र देणे नुसते खाली येते, संपत नाही. जुलैमध्ये एका अमेरिकी ग्राहकाने खाते 'पेड डाउन' केल्याचे कळवले, तेव्हा ते खाते बंद करायचे ठरत होते. मी बँकेचा उतारा मागवला. १८,४०० डॉलरपैकी ६,५०० आले होते, ११,९०० अजून येणे होते. त्या एका कार्डाने नऊ महिन्यांचे कष्ट भरून काढले, असे मी मनापासून म्हणेन.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'पे' हा शब्द मुळात लॅटिनमधील शांत करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. देणेकऱ्याने पैसे देऊन घेणेकऱ्याला शांत केले. आपण तहान भागवतो आणि देणेही भागवतो. हे वाचल्यापासून 'भागवणे' हा शब्द मला फार जवळचा वाटू लागला आहे.

अडचणीही आहेत. दिवसाला वीस नवी कार्डे ही मूळ मर्यादा नोकरी करणाऱ्या माणसाला झेपत नाही. मी ती पाचवर आणली. गणपतीत दहा दिवस खंड पडला, तर परतल्यावर तीनशेहून अधिक कार्डे साचली होती आणि ती उपसायला आठवडा गेला. शिवाय सुटा वाक्प्रचार पाठ करून वाक्य जमत नाही. 'पे इट ऑफ' बरोबर आणि 'पे ऑफ इट' चूक, हे कार्डावर संपूर्ण वाक्य लिहिल्यावरच अंगवळणी पडले.

दूरध्वनीवरचे बोलणे अजून निसटते. 'पेड इट ऑफ' हे तीन शब्द समोरून एका दमात येतात, आणि सगळे ज्याच्यावर अवलंबून असते तो 'ऑफ' कानाने पकडावा लागतो. त्यामुळे या महिन्यापासून मी कार्डांच्या प्रश्नाच्या बाजूला अक्षरे न ठेवता केवळ आवाज ठेवते आहे; आतापर्यंत चाळीस कार्डे तशी झाली आहेत.