ॲनेक्सिन व्ही–पीआय किट: थायरॉइड कॅन्सरच्या पेशींवर वापरताना

पेशी मेली आहे की अपॉप्टोसिसच्या (पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणाच्या) वाटेवर आहे, हे ॲनेक्सिन व्ही–एफआयटीसी (मरणाऱ्या पेशीला बाहेरून चिकटणारं, चमकणारा रंग जोडलेलं प्रथिन) आणि पीआय (पटल फाटलेल्या पेशीतच शिरणारा रंग) यांचं किट फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या मशीनवर) नेमकं दाखवतं. त्या कामासाठी ते जरूर घ्यावं. थायरॉइड कॅन्सरच्या पेशींसाठी मात्र सोबतचं माहितीपत्रक पुरत नाही.

कृती सोपी आहे. थंड पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणाने) दोनदा धुतलेल्या १ लाख पेशी १०० मायक्रोलिटर बाइंडिंग बफरमध्ये (ॲनेक्सिनला लागणारं कॅल्शियम असलेल्या द्रावणात) घ्यायच्या, त्यात ॲनेक्सिन आणि पीआय प्रत्येकी ५ मायक्रोलिटर, १५ मिनिटं अंधारात, वर ४०० मायक्रोलिटर बफर, आणि तासाभराच्या आत मशीनवर. घोळ होतो तो याच्या आधी. प्लास्टिकला चिकटलेल्या पेशी सोडवताना ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) जास्त वेळ राहिलं, की पेशीपटलाला इजा होते आणि धडधाकट पेशीही पीआय घेते. ट्रिप्सिनमधलं ईडीटीए मागे उरलं तर ते कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय ॲनेक्सिन फॉस्फॅटिडिलसेरिनला (मरणाऱ्या पेशीच्या पटलावर बाहेर येणाऱ्या मेदाला) चिकटतच नाही. वर तरंगणाऱ्या पेशी मीडियासोबत (पेशी वाढवण्याच्या द्रवासोबत) ओतून टाकल्या तर मरणाऱ्यांचा मोठा वाटा सिंकमध्ये जातो. पत्रकातलं ‘रूम टेंपरेचर’ २० ते २५ अंशांचं असतं. मे महिन्यात मुंबईत एसीशिवाय ते मिळत नाही. ॲनेक्सिन २ ते ८ अंशांत ठेवावं, गोठवू नये. कुरिअरमधले आइस पॅक वितळून आले असतील, तर आधी स्टॉरोस्पोरिन (अपॉप्टोसिस घडवणारं रसायन) दिलेल्या पेशींवर किट तपासून घ्यावं.

किट मरण मोजतं, कारण सांगत नाही. खरी मर्यादा ही. ब्राफ व्ही६००ई (ब्राफ जनुकातला बदल) असलेल्या पेशींत ईआरकेचा (पेशीला वाढायला लावणाऱ्या एन्झाइमचा) मार्ग सतत चालू राहतो. ईआरके बिम या मारक प्रथिनाला फॉस्फेट जोडून त्याची प्रोटिआसोममध्ये (पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेत) विल्हेवाट लावतं. त्यामुळे बिमचा आरएनए क्यूपीसीआरवर (आरएनए मोजणाऱ्या चाचणीत) भरपूर दिसला तरी प्रथिन कमी असू शकतं. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन दाखवणारी चाचणी) हवाच. त्याच ब्लॉटवर पार्प (अपॉप्टोसिसमध्ये तुटणारं प्रथिन) ११६ वरून ८९ किलोडाल्टनवर तुटलेलं दिसतं का, तेही पाहून घ्यावं. टीपीसी-१ या थायरॉइड कॅन्सरच्या सेल लाइनमध्ये (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणात) पी५३ हे कॅन्सर रोखणारं प्रथिन शाबूत आहे, म्हणून डीएनएला इजा झाल्यावर ते प्यूमा आणि बॅक्स या मारक प्रथिनांची जनुकं चालू करू शकतं. ८५०५सी या दुसऱ्या सेल लाइनमध्ये पी५३ बिघडलेलं आहे. एकाच औषधावर दोघींचे आलेख वेगळे आले म्हणून किट खराब ठरत नाही.

आणि पेशी खरोखर थायरॉइडच्या आहेत ना? २००८ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या ४० सेल लाइन तपासल्या, तेव्हा त्यांत वेगवेगळ्या फक्त २३ निघाल्या. एआरओ तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची एचटी-२९ होती. किटची ऑर्डर देताना एसटीआर तपासणीचा (डीएनएवरून सेल लाइनची ओळख पटवणाऱ्या चाचणीचा) खर्चही धरावा.