भावनांचा भडका आवरताना: सीबीटी की डीबीटी?

मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या विचारांतून घडलेली सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, ही मानसोपचार पद्धत मनात आलेला विचार तपासायला शिकवते. ‘तिने फोन उचलला नाही, म्हणजे मी तिला नकोसा झालो’ या निष्कर्षाला पुरावा काय, असे ती विचारते. मात्र भावनेचा भडका उडालेला असताना पुरावे तपासण्याचे भान कोणाला असते?

मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी आत्महत्येचा वारंवार प्रयत्न करणाऱ्या रुग्णांसाठी डीबीटी, म्हणजेच डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, विकसित केली, कारण सतत ‘स्वतःला बदला’ असे ऐकून दुखावल्या जाणाऱ्या रुग्णाची वेदना समजून घेत, ती मान्य करतच त्याला बदलाकडे नेणे आवश्यक होते. त्यामुळे येथे श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात बुडवण्यासारखी, हृदयाचे ठोके मंदावणारी कौशल्येही शिकवतात (हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच), आणि स्वतःला इजा करण्याची ऊर्मी रोज कार्डावर नोंदवावी लागते. वैयक्तिक सत्रे, कौशल्यगट आणि अडचणीच्या क्षणी थेरपिस्टला फोन, असा हा पसारा बहुधा वर्षभर चालतो; सीबीटी सहसा काही महिन्यांत आटोपते.

चिंता किंवा नैराश्य एवढाच प्रश्न असेल, तर माझ्या मते सीबीटीने सुरुवात करावी. स्वतःला इजा करण्याची ऊर्मी वारंवार उसळत असेल, तर मात्र वेळ अधिक लागला तरी डीबीटीच निवडावी.