आठ महिने शेगडीसमोर बसल्यानंतर

काड्यांत ओवलेलं चिकन कोळशावर भाजून देणाऱ्या या जपानी रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा कोपऱ्यातलं टेबल मिळालं. सगळं एकदम मागवलं, एकदम आलं, आणि गप्पांच्या नादात निम्मं गार झालं. जेवण बरं होतं, इतकंच आठवतं. दुसऱ्या खेपेला टेबल रिकामं नव्हतं म्हणून शेगडीसमोरच्या काउंटरवर बसवलं. त्यानंतरच्या आठ महिन्यांत मी टेबल मागितलेलं नाही.

इथली सगळी मदार कोळशावर आहे. बिनचोतान म्हणजे जपानी पांढरा कोळसा. जपानमधल्या वाकायामाचा, उबामे ओकच्या लाकडाचा सर्वांत नावाजलेला. भट्टीत शेवटी तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात आणि लालबुंद कोळसा बाहेर ओढून राख-मातीखाली विझवतात, म्हणून त्यावर पांढुरका थर दिसतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा खणखणतो. पेटायला वेळ लावतो, पण एकदा फुलला की ज्वाळा नाही, धूर जवळपास नाही, नुसती धग, तीही तासन्‌तास. त्यामुळे मांसाला कोळशाचा वास चढत नाही. जो खमंगपणा येतो तो चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून उठणाऱ्या धुराचा. हे कळल्यापासून मी 'तारे' हा सॉस सोडून 'शिओ' मागवते, म्हणजे फक्त मीठ. सोया सॉस आणि मिरिनचा (स्वयंपाकातली तांदळाची गोड वाइन) तो गोडसर तारे चिकनच्या खिम्याच्या गोळ्यांना, त्सुकुनेला, शोभतो. मांडीच्या मांसाला मात्र मीठच.

या शेगडीला आच कमी-जास्त करायचं बटण नसतं. भाजणारा पंख्यानं वारा घालतो, निखारे सरकवतो, काड्यांच्या जागा बदलतो. कातडी, म्हणजे कावा, सावकाश, तिची चरबी गळून कुरकुरीत होईपर्यंत. कलेजी मात्र आत मऊ असतानाच उचलावी लागते. जपानमध्ये ईल मासा भाजणाऱ्यांबद्दल म्हणतात, काड्यांत ओवायला तीन वर्षं, चिरायला आठ, भाजायला अख्खा जन्म. मला हे पटलं ते चौथ्या महिन्यात. नेहमीचा माणूस रजेवर होता, त्याच्या जागी एक नवा मुलगा भाजत होता. कोळसा तोच, कोंबडी तीच, पण त्सुकुने कोरडे आणि कावा चामट. सहा आठवड्यांनी त्याच नव्या मुलाच्या हातचा कावा खाल्ला तेव्हा तो कुरकुरीत होता. मी त्याला तसं सांगितलंही.

तक्रारी आहेत. 'मॉडर्न' म्हणून शिताकेवर ट्रफल तेल ओततात; मशरूमचा स्वतःचा वास त्यात बुडून जातो, त्यामुळे आधीच 'नको' म्हणून सांगा. शनिवारी संगीत इतकं मोठं असतं की भाजणाऱ्याशी बोलता येत नाही, आणि ते बोलणं हाच तर काउंटरचा अर्धा आनंद. कपड्यांना वास लागतोच.

शाकाहारी मंडळींनी एक विचारून घ्यावं. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) लावून भाजलेलं वांगं सुरेख असतं, पण दाशी, म्हणजे चवीसाठी वापरतात तो जपानी स्टॉक, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाची असते आणि काड्या त्याच जाळीवर भाजल्या जातात. शाकाहारी मैत्रिणीसाठी आम्ही हे दुसऱ्या भेटीत विचारलं, पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. त्यांनी मग भाज्यांसाठी शेगडीचा एक कोपरा वेगळा ठेवला.

मागवताना एका वेळी दोनच काड्या सांगा. काडी हातात आल्यावर पहिल्या मिनिटाची चव नंतर राहत नाही, फोटोसाठीसुद्धा थांबू नका. मी आता मंगळवारी, उघडल्या उघडल्या जाते. तेव्हा कोळसा नुकता फुललेला असतो आणि गर्दी नसते. शेवटी याकी ओनिगिरी सांगते, सोया सॉस लावून भाजलेला भाताचा त्रिकोण. त्याला वेळ लागतो. तो दोन्ही बाजूंनी खरपूस होईपर्यंत मी काही न बोलता भाजणाऱ्याचे हात बघत बसते.