सांगितली १६० लिटर, भरली ११५: इंदूरमधली कॉम्प्रेसर खरेदी

देवास जिल्ह्यातल्या सोनकच्छजवळच्या एका शेतावरच्या वर्कशॉपसाठी इंदूरच्या सियागंज भागातून कॉम्प्रेसर घेतला गेला. दुकानदाराने कागदावर लिहून दिलं: २ एचपी, सिंगल फेज, १० सीएफएम (म्हणजे मिनिटाला १० घनफूट हवा), १६० लिटर टाकी, ८ किलो प्रेशर. किंमत ३४,००० रुपये, बिल कच्चं. दोन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. ट्रॉली रंगवताना स्प्रे गन मधेच दम टाकते. इम्पॅक्ट रेंच पहिले तीन-चार नट धडाधड सोडतं आणि मग नुसतं घरघरतं. मोटरला हात लावता येत नाही इतकी ती तापते. दुकानदाराचं फोनवर एकच उत्तर: "काका, तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे."

शेवटी मशीन उघडून, मोजून, वजन करून पाहिलं. काय निघालं आणि ते कसं शोधलं, ते इथे तपशिलात लिहिलं आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते पैसे देण्याआधीच करता येईल. दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ही पद्धत एका दुकानापुरती नाही. एक नाव वाचलं की बाकी सगळे सज्जन, असं वाटायला लागतं.

आधी व्होल्टेजची सबब. ती साफ खोटी असते असं नाही, म्हणून ती मोजूनच निकालात काढावी लागते. मीटरपासून शेड ६० मीटरवर असेल आणि २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर असेल, तर ११ अँपिअरला साधारण १० व्होल्ट वाटेतच जातात. मोटर सुरू होताना करंट चार-पाच पट होतो, तेव्हा ४०-५० व्होल्ट जातात आणि मोटर नुसती हुंकारत राहते. म्हणून मल्टिमीटर घरातल्या बोर्डावर लावून उपयोग नाही. मोटरच्या टर्मिनलवर लावा, टाकीत ७ किलो प्रेशर असताना, मोटर चालू असताना. या ठिकाणी आकडा २१८ आला. म्हणजे दोष विजेचा नव्हता.

मग टाकी. टाकी सगळ्यात आधी मोजायची, कारण बाकीचं खोटं तिच्याच आधाराने उभं असतं. शिंप्याची टेप टाकीभोवती गुंडाळा. घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, टाकीच्या लांबीने गुणा, १२.५७ ने भागा. उत्तर घन सेंटीमीटरमध्ये येतं, हजाराने भागलं की लिटर. इथे घेर १२० आणि लांबी १०० सेंटीमीटर होती. १४,४०० गुणिले १०० भागिले १२.५७, म्हणजे ११५ लिटरच्या जवळ. दोन्ही टोकांच्या फुगवट्यामुळे दोन-चार लिटर इकडेतिकडे होतील, पण ४५ लिटरचा फरक फुगवट्याने भरून निघत नाही. शंका उरलीच तर पाणी भरून मोजा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात वाद नाही.

आता खरी चलाखी पाहा. विकत घेताना दुकानदाराने गिऱ्हाईकासमोर "टेस्ट" करून दाखवली होती, आणि ती पद्धत चुकीची नव्हती. गेज १ किलोने चढला की टाकीच्या आकाराएवढी मोकळी हवा आत गेली, असं ढोबळ धरतात. गेज ४ वरून ७ वर जायला १ मिनिट ४२ सेकंद लागले, म्हणजे १.७ मिनिटं. टाकी १६० ची धरली तर ४८० लिटर हवा, मिनिटाला २८२ लिटर. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर. आले की १० सीएफएम! गिऱ्हाईकाने स्वतःच्या मोबाइलवर वेळ लावली होती, हिशेब स्वतः केला होता. खोटी होती ती फक्त टाकी. तोच हिशेब ११५ लिटरने करा: ३४५ लिटर, मिनिटाला २०३, म्हणजे ७.२ सीएफएम.

म्हणून टेस्ट करताना टाकीचा आकडा स्वतः मोजलेलाच वापरायचा. आणखी दोन गोष्टी. मशीन आधी दहा मिनिटं चालू द्या, थंड मशीन थोडं जास्त चांगलं दाखवतं. दुसरं म्हणजे गेज. या मशीनचा गेज बरा निघाला, पण स्वस्त गेज अर्धा-पाऊण किलो पुढे दाखवणारे सर्रास मिळतात, आणि पुढे पळणारा गेज टेस्टचा वेळही कमी दाखवतो. ओळखीच्या टायरवाल्याकडचा भरवशाचा गेज सोबत न्या आणि टाकीच्या नळाला लावून दोन्ही काटे शेजारी पाहा.

१० चा आकडा दुकानदार हेडवरूनही, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंपावरूनही, सिद्ध करू शकतो. इथलं हेड दोन सिलेंडरचं, सिंगल स्टेज (हवा एकाच टप्प्यात दाबणारं), बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास ६५ आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ५० मिलिमीटर. दोन्ही सिलेंडर मिळून एका फेऱ्यात ३३२ घन सेंटीमीटर. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिची पुली ७ इंची, हेडची १२ इंची, म्हणजे हेड ८४० फेऱ्यांनी फिरतं. गुणाकार केला की २७९ लिटर, जवळजवळ १० सीएफएम. पण हा नुसता पिस्टनने झाडलेल्या जागेचा हिशेब झाला. याला डिस्प्लेसमेंट म्हणतात. व्हॉल्व्हप्लेट आणि पिस्टन यांच्यात दाबलेली थोडी हवा अडकून राहते, ती पिस्टन खाली येताना फुगते आणि नवी हवा तेवढी कमी येते. त्यात पिस्टनच्या रिंगांमधली गळती आणि तापलेलं हेड. सिंगल स्टेजमध्ये साधारण ६० ते ७५ टक्के हवा खरोखर बाहेर मिळते, दोन स्टेजमध्ये आणखी थोडी जास्त. कामाचा आकडा हाच. त्याला एफएडी म्हणतात. बिलावर "सीएफएम" एवढंच लिहिलेलं असेल तर तो डिस्प्लेसमेंटचा आहे असं समजून चाला आणि "एफएडी इतका, इतक्या प्रेशरला" असं लिहून मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच कळतं. ढोबळ ताळा असा: एका एचपीला ७ किलोच्या आसपास ३ ते ४ सीएफएम खरी हवा. २ एचपीत १० सीएफएम एफएडी कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय.

आणि इथे तर २ एचपीही नव्हते. मोटरवर "२ एचपी" असा चकचकीत स्टिकर होता. किलोवॅट, अँपिअर, फेरे, सिरियल नंबर यांतलं त्यावर काहीच नाही. हेअर ड्रायरने स्टिकर सोडवला तर खाली रिव्हेट मारलेली मूळ पट्टी निघाली: १.१ किलोवॅट, ८ अँपिअर. हा ताळा पाठ करून ठेवण्यासारखा आहे: ०.७५ किलोवॅट म्हणजे १ एचपी, १.१ म्हणजे दीड, १.५ म्हणजे २, आणि २.२ म्हणजे ३. क्लॅम्प मीटरवर ७ किलोच्या वर करंट ११.५ अँपिअर दिसत होता. आठची मोटर साडेअकरा ओढते, मग तापणारच. हेड २ एचपीचं, मोटर दीडची, आणि भार रोजचा. अशी मोटर लगेच जळत नाही, वॉरंटी संपेपर्यंत बहुतेक तग धरते.

पहिल्या तक्रारीनंतर दुकानदाराने "दुरुस्ती" म्हणून मोटरची पुली ७ ची काढून ८ इंची बसवून दिली होती. हवा वाढली, गिऱ्हाईक खूश. पण हेडचे फेरे ८४० वरून ९६० झाले, भार १४ टक्क्यांनी वाढला आणि आधीच दमलेली मोटर आणखी दमली. व्हॉल्व्हच्या पात्या जास्त तापतात, तेल काळं पडतं, पात्यांवर काजळी धरते. पुली मोठी करून कधीही हवा वाढवून घेऊ नका. हेड कुठल्या फेऱ्यांसाठी आहे आणि मोटर किती सोसते, हे दोन्ही माहीत असल्याशिवाय पुलीला हात लावायचा नाही. इथे ७ ची पुली परत लावूनच वरच्या सगळ्या मोजण्या केल्या.

हवा कमी मिळाली तर काम रखडतं. टाकीचा पत्रा कमी मिळाला तर माणूस जातो. ८ किलो म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ८ किलोचा रेटा, आणि दाबलेली हवा फुटते तेव्हा पत्रा चिरत, तुकडे उडवत फुटते. म्हणूनच टाकीची चाचणी पाण्याने, चालू प्रेशरच्या दीडपट दाबाने करतात. पाणी दाबलं जात नाही, टाकी फाटली तरी नुसतं गळतं. हवेने चाचणी करून दाखवणाऱ्यापासून लांब उभे राहा.

जाडी वजनावरून कळते. पोलादाचा एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. या टाकीचं क्षेत्रफळ टोकांसकट सुमारे १.४४ चौरस मीटर, म्हणजे दर मिलिमीटरला ११.३ किलो. मोटर, हेड उतरवून टाकी पायांसकट काट्यावर ठेवली: २७ किलो. पाय आणि वरची पट्टी यांचे पाचेक किलो वजा केले तर उरले २२. म्हणजे पत्रा जेमतेम २ मिलिमीटरचा. नंतर सांवेर रोडवरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे जाडी मोजायच्या मीटरने पाहिलं, तर १.९ ते २.० आलं. १० किलोचं डिझाइन प्रेशर, ३८ सेंटीमीटर व्यास आणि साधं वेल्डिंग धरलं, तर हिशेबाने २.३ मिलिमीटर लागतो. त्यावर गंजासाठी किमान १ मिलिमीटर. म्हणजे सव्वातीनच्या खाली जायला नको होतं. माळव्यातल्या पावसाळ्यात रोज टाकीत पाणी साचतं. ड्रेन कॉक रोज उघडला नाही तर गंज तळातूनच खायला लागतो, आणि इथे खायला पत्राच नव्हता.

हवेच्या टाक्यांसाठी आयएस ७९३८ आणि एकूण प्रेशर वेसलसाठी आयएस २८२५ ही भारतीय मानकं आहेत. टाकीवर वेल्ड केलेली पट्टी हवी. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, सिरियल नंबर, चालू प्रेशर, चाचणीचं प्रेशर आणि तारीख. त्याच नंबरचं चाचणी प्रमाणपत्र सोबत मागा. रंगाने लिहिलेलं किंवा चिकटवलेलं काहीही मोजायचं नाही. नावाजलेल्या कंपनीच्या नावात एक अक्षर फिरवलेलेही भरपूर आहेत, पट्टी अक्षर अक्षर लावून वाचा.

बाकीच्या गोष्टी झटपट होतात. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी टाकी भरलेली असताना ओढून पाहा, फस्सकन सुटायला हवी आणि सोडली की बंद व्हायला हवी. मोटर बंद झाल्यावर प्रेशर स्विचखालून दोन सेकंद फुस्स होणं बरोबर. ते चालूच राहिलं तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) गळतोय. हवेच्या तोंडापुढे पांढरा कागद धरा, तेलाचे ठिपके पडले तर रिंगा गेलेल्या आहेत. हेड जुनं, रंगवलेलं असेल तर बोल्टच्या कोपऱ्यांवर पान्याचे व्रण रंगाखाली दिसतात. पुलींवरच्या पट्ट्याला जाळी नसेल तर मशीन उचलूच नका.

घ्यायचं काय, हे कामावरून ठरतं. टायर आणि ट्रॅक्टरचा एअर फिल्टर यांना हवा थोडीच लागते, आणि फिल्टरला तर २ किलोच्या वर मारूच नये, कागद फाटतो. अर्धा इंची इम्पॅक्टला ४-५ सीएफएम, ट्रॉली रंगवायच्या मोठ्या स्प्रे गनला ८ ते १२. गनच्या डब्यावरचा आकडा घ्या, वर ३० टक्के धरा आणि तो एफएडीशी ताडा. त्या शेताला रंगकामासाठी २ एचपी मुळातच पुरला नसता, ३ एचपी लागला असता. पण ३ एचपी थ्री फेजवर घ्यावा, आणि शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते. रंगकाम त्या तासांत बसवता येत नसेल तर कमी हवेची गन घेणं शहाणपणाचं. मोठी टाकी हवा साठवते, बनवत नाही. तिच्या भरवशावर लहान हेड घेतलं तर दोन मिनिटांनी परत तिथेच.

पक्कं बिल घ्या. कॉम्प्रेसरवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवायला कच्चं बिल घेतलं की हातात पुरावाच उरत नाही. या प्रकरणात वाचवलं ते दुकानदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोटेशनने, त्यात १६० लिटर आणि २ एचपी स्पष्ट लिहिलं होतं. सोबत काट्याची पावती, मोटरच्या पट्टीचा फोटो आणि क्लॅम्प मीटरचा व्हिडिओ. तक्रारीसाठी इंदूरला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे इथे देवासला, दाद मागता येते. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मशीन धंद्याचं म्हणून तक्रार चालणार नाही असं दुकानदार ऐकवतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा.

नोंद झाल्यावर दुकानदार ताळ्यावर आला. १.५ किलोवॅटची मोटर आणि प्रमाणपत्र असलेली नवी टाकी दिली, हवेच्या फरकाचे पैसे परत केले. जुनी टाकी मात्र तो हट्टाने परत मागत होता. ती दिली नाही. हिशेब मिटल्याचं लेखी घेतलं, मग ग्राइंडरने तिच्या पोटाला हातभर चीर पाडली आणि तशीच भंगारात घातली.