ठाण्यातलं फ्रेमिंगचं दुकान आणि यान स्टेनच्या चित्रातली आजी

राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत फ्रेमिंगचं एक छोटं दुकान आहे, तिथून यान स्टेन या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या सेंट निकोलस सणाच्या (या सणाला मुलांच्या बुटात शहाण्याला खाऊ आणि खोडकराला छडी ठेवतात) चित्राची कॅनव्हास प्रिंट करून घेतली, त्याचा हा रिव्ह्यू. मूळ चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, 1665 ते 68 च्या दरम्यानचं, आणि म्युझियमच्या साइटवरून मोठी फाइल फुकट डाउनलोड होते, म्हणजे खर्च फक्त प्रिंट आणि फ्रेमचा.

पहिली प्रिंट बघून मन खट्टू झालं. पुढचे रंग मस्त, पण मागचा भाग एकदम काळपट, त्यात आजीच गायब! आता या चित्रातली आजी गेली तर राहिलं काय? डावीकडे मोठा मुलगा रडतोय कारण त्याच्या बुटात खाऊऐवजी छडी निघालीये, धाकटा भाऊ त्याच्याकडे बोट दाखवून हसतोय, बहीण बाहुली घट्ट धरून उभी आहे, आई हात पुढे करतेय तरी ती काही जवळ येत नाही. आणि सगळ्यांच्या मागे आजी पडदा बाजूला करून त्या रडणाऱ्याला बोलावतेय, तिथे त्याच्यासाठी काहीतरी ठेवलं असणार हे लगेच कळतं. शिक्षा पण झाली आणि लेकरू हिरमुसून झोपणार पण नाही. मला तर मुलं वाढवण्यातलं सगळं तिथेच दिसतं.

दुकानातल्या काकांना हे सांगितलं तर त्यांनी मोबाइलवर मूळ फोटो झूम करून बघितला, म्हणाले "अहो ही आजी दिसलीच पाहिजे", मागचा भाग उजळ करून आधी छोटा तुकडा छापून दाखवला, मग पूर्ण प्रिंट परत काढली आणि जास्तीचे पैसे घेतले नाहीत. आता पडद्याची घडी, तिचा हात, सगळं नीट दिसतं. फ्रेम साधी गडद लाकडी घेतली, कोपरे एकदम पक्के बसलेत.

पुढची ऑर्डर पण इथेच देणार, स्टेनचंच दुसरं, हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममधलं. त्यात बाप हसत हसत पोराला पाइप ओढायला शिकवतो, आणि त्या बापाचा चेहरा स्टेनने स्वतःचा दिलाय! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ते इतक्या उघडपणे कुणी रंगवलेलं मी तरी बघितलं नाही.

संध्याकाळी गर्दी असते, पार्किंग मिळत नाही, तर सकाळी जा आणि जुनी गडद चित्रं असतील तर आधी छोटा तुकडा छापून मागा.